ड्रिलची रॅकेट

आमच्या घरी ते यंत्र टांग्यातून आलं, पोत्यात गुंडाळलेलं, आणि शेजारी बसलेल्या दादांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज होतं. दादा म्हणजे माझे वडील. कापड मिलमध्ये विणकाम खात्यात मास्तर. मूळचे सोलापूरकडचे, पण नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथल्या शेव-पोह्यांत असे विरघळले की परत जायचं नावच काढलं नाही. संस्थान तेव्हा नुकतंच विलीन झालं होतं, इंदूर मध्यभारत नावाच्या नव्या राज्यात गेलं होतं, आणि एका जुन्या साहेबी क्लबातलं अडगळीचं सामान लिलावात निघालं होतं. शहाणी माणसं तिथून खुर्च्या आणि आरसे घेऊन आली. आमच्या दादांनी काय आणलं, तर एक लोखंडी पाय, त्यावर गोल फिरणारी बैठक, बैठकीशेजारी एक छोटी खोबणीची चकरी आणि तिला जोडलेला हातभर लांब दांडा. दांड्यावर एक सरकतं वजन.

"हे काय आणलंत?" आईने विचारलं.

"सूत तपासायचं यंत्र. धागा किती ताण सोसतो ते कळतं. विलायती आहे, आमच्या मिलमध्येसुद्धा असलं नाही."

"पण क्लबात सूत कशाला तपासत होते?"

आईचे प्रश्न असेच असायचे. दादांनी पोतं झटकून घडी करून ठेवलं.

मग कितीतरी महिने दादा त्या यंत्राशी झटले. मिलमधून सुताच्या लडी आणायचे, धागा चकरीच्या खोबणीत अडकवायचे, दांडा सोडायचे. दांडा धाडकन खाली, सूत तट्. पुन्हा दुसरा धागा, पुन्हा तट्. "सुतात दम नाही राहिला पहिल्यासारखा," असं म्हणून ते उसासा टाकायचे. यंत्राला मात्र कधी बोल लावला नाही. शेवटी ते ओटीच्या कोपऱ्यात गेलं आणि आई त्याच्या दांड्यावर ओले पंचे वाळत घालायला लागली. दादांना दिसलं की ओरडायचे, "अगं विलायती आहे ते!" आई म्हणायची, "मग विलायती वाळतील."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि टेनिसने झपाटलेली होते. माझा स्वभाव तेव्हाही असाच, नाकावर राग आणि जिभेवर मिरची. आता वय झालं म्हणून लोक त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात, एवढाच काय तो फरक. महूच्या छावणीत नोकरीला असलेल्या मामाने मला एक रॅकेट आणून दिली होती. कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना मागे टाकून गेला होता. मिलच्या कापडाच्या तुकड्यांतून शिवलेला पांढरा सलवार-कमीज घालून, ती रॅकेट सायकलला बांधून मी रोज सकाळी कोर्टावर जायची. आमच्या परदेशीपुऱ्यातून निघाले की चहाच्या दुकानावरचे लोक म्हणायचे, "आ गई मास्टरजी की छोरी, झाडू लेके."

आता त्या ग्वाल्हेरवालीचं सांगते. मध्यभारताची एक गंमत होती. राजधानी कुठली, यावर ग्वाल्हेर म्हणे आम्ही आणि इंदूर म्हणे आम्ही. भांडण मिटेना, तेव्हा तोडगा निघाला की हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. म्हणजे ऊन तापायला लागलं की फायली, कारकून, साहेब, साहेबांच्या बायका, त्यांच्या लोणच्याच्या बरण्या, सगळं लटांबर गाडीत बसून इंदुरात दाखल. थंडीची चाहूल लागली की परत ग्वाल्हेरला. त्या लटांबरात एका बड्या साहेबांची मुलगी यायची. मी तिला ग्वाल्हेरवाली म्हणायची, तोंडावरसुद्धा. आदल्या उन्हाळ्यात मुलींच्या फायनलमध्ये तिने माझा पार धुव्वा उडवला होता. हरले त्याचं एवढं काही नाही. पण मॅच संपल्यावर जाळीपाशी येऊन, हात पुढे करून ती गोड आवाजात म्हणाली, "छान खेळता हो तुम्ही. सवय नाही, एवढंच."

एवढंच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर ते वाक्य मी डोक्यात घेऊन भिंतीवर चेंडू बडवला. या उन्हाळ्यात पुन्हा आम्ही दोघी फायनलला आलो तेव्हा मला जगात दुसरं काहीच नको होतं. तिला हरवायचं आणि तिने ते पाहायचं, बस.

आणि फायनल रविवारी असताना बुधवारी माझ्या रॅकेटच्या जाळीची तात तुटली. एक तुटली म्हणून बघायला गेले तर बाकीच्याही जीर्ण, केसासारखी कुसं निघालेली. राजवाड्याजवळ खेळाच्या सामानाचं दुकान होतं, तिथे धावले. दुकानदार म्हणाला, "बेनजी, तात तो है मेरे पास, एकदम अव्वल. पर रॅकेट भरायला मुंबईला भेजनी पडेगी. पंधरा-बीस दिन पकडो." मी तिथेच त्याच्याशी भांडले. त्याचा काय दोष होता बिचाऱ्याचा! तातीचं पुडकं तेवढं घेऊन घरी आले आणि ओटीवर पाय ठेवताच ती तुटकी रॅकेट कोपऱ्यात फेकली.

फेकली म्हणजे नीट फेकलीसुद्धा नाही, आदळली. ती जाऊन पडली दादांच्या विलायती यंत्राच्या बैठकीवर. मी उचलायला गेले तर निघेना. बैठकीच्या दोन्ही टोकांना जे चिमटे होते, त्यांच्यामध्ये रॅकेटचं डोकं असं बसलं होतं, जसं लहान मूल पाळण्यात बसावं. मी रॅकेटकडे बघितलं, चकरीकडे बघितलं, दांड्यावरच्या वजनाकडे बघितलं. मग हातातल्या तातीच्या पुडक्याकडे बघितलं.

"दादा!" मी एवढ्या जोरात ओरडले की आई हातात लाटणं घेऊन बाहेर आली. "अहो, हे सुताचं यंत्र नाही! रॅकेट भरायचं यंत्र आहे!"

दादांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, ते दिवसा घरीच होते. आधी ते मानायलाच तयार नव्हते. यंत्राभोवती फिरले, रॅकेट काढून पाहिली, पुन्हा बसवून पाहिली. मग एकदम गुडघ्यावर बसले आणि जुन्या तातींच्या जाळीवरून हात फिरवायला लागले, वरून खाली, मग आडवा. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "अगं, ही उभी, ही आडवी. हा ताणा, हा बाणा. पोरी, हा तर माग आहे! एवढासा, पण माग आहे!"

"मग जमेल तुम्हाला?"

"मला? अगं, तीस हात लांबीचं कापड विणणाऱ्या माणसाला तू हातरुमाल विचारतेस?"

तेवढ्यात आईने प्रश्न टाकला. "ही तात कशाची असते गं?"

मी चूक केली आणि खरं सांगितलं. "मेंढीच्या आतड्याची."

"अगं बाई!" आईने लाटणं मागे लपवलं, जणू मेंढी तिथे उभीच होती. "ओटीवरून हलवा ते. आत्ताच्या आत्ता. बाहेर अंगणात न्या काय करायचं ते."

म्हणून सगळा कारभार अंगणात, रस्त्याच्या कडेला. त्यामुळे झालं काय, की आख्ख्या गल्लीला तमाशा फुकट. पाळी सुटून घरी जाणारे मिलवाले सायकली टेकवून उभे राहायला लागले. दादांनी तात बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "कोरडी आहे. थोडी खळ लावू या. मागावर चढवायच्या आधी ताण्याला खळ लागतेच." मी पुडकं हिसकावून घेतलं. तांदळाची कांजी लावलेली रॅकेट घेऊन मी ग्वाल्हेरवालीपुढे जाणार होते की काय! खळीवरून आमचं असं भांडण जुंपलं की जमलेल्या लोकांत दोन पक्ष पडले. शेवटी आईने खिडकीतून सांगितलं, भात उरलेला नाही, कांजी होणार नाही. तो विषय तिथे मिटला.

पण काम सुरू झालं आणि मला ते आवडलं, अगदी मनापासून आवडलं. जुनी जाळी कशी होती त्याचं चित्र मी आधीच काढून ठेवलं होतं. चौकटीच्या भोकांतून तात ओवायची, तिचं टोक चकरीच्या खोबणीत धरवायचं, आणि वर उचललेला दांडा अलगद सोडायचा. वजनाने दांडा खाली येतो, चकरी फिरते, तात ताणली जाते. दांडा जमिनीला समांतर थांबला तर ताण बरोबर. वर राहिला काय किंवा खाली गेला काय, ताण कमीच. मग दांडा उचलून चकरी जराशी फिरवून पुन्हा सोडायचा. बरोबर आला की भोकात दाभण खुपसून तात अडकवून ठेवायची आणि पुढच्या भोकाकडे जायचं. मध्यातून सुरुवात, एक उजवीकडे, एक डावीकडे, नाहीतर लाकडी चौकट वाकडी होते.

दांडा सोडायचं काम माझं. मी उतावळी, धाडकन सोडायची.

"हळू," दादा म्हणायचे. "आजारी म्हातारीला पलंगावर ठेवतात तशी ठेव. टाकू नकोस तिला."

म्हातारी मला दिवसभर पुरली. प्रत्येक तातीगणिक म्हातारी उचलायची, म्हातारी निजवायची. ती मधोमध सरळ निजली की दादा नखाने तात छेडायचे आणि ती टण्ण वाजायची, आणि मला असा आनंद व्हायचा की पोटात गुदगुल्या. बघणाऱ्यांत दादांच्या खात्यातला एक उत्तरेकडचा जॉबर, म्हणजे मुकादम, होता, तो विचारायचा, "मास्टरजी, तान ठीक आ रही है?" दादा हसून म्हणायचे, "तान गवैये की, ताण हमारा." त्याला दोन्ही सारखंच ऐकू यायचं. तो मान डोलवायचा, "हां, वही तो पूछा."

गुरुवारी संध्याकाळपर्यंत उभ्या ताती झाल्या. शुक्रवारी सकाळी मला कॉलेजला जाणं भाग होतं. "आडव्या मी भरतो," दादा म्हणाले. "बाण्याचं काय, डोळे मिटून होईल. दांडाही मीच सोडीन."

मी दुपारी आले. अंगणात पंधरावीस माणसं, मधे दादा, आणि दादांच्या हातात भरलेली रॅकेट, तेल लावून पुसलेली. मी धावत जाऊन घेतली. ताण उत्तम होता. गाठी सुरेख. पण जाळीकडे बघता बघता मला काहीतरी खटकलं. जाळीवर तिरप्या रेघा दिसत होत्या. रॅकेटच्या जाळीवर तिरप्या रेघा कुठून आल्या? मी डोळ्यांजवळ नेली. आडवी तात एका उभीच्या वरून, एकीच्या खालून जायला हवी. ही दोघींच्या वरून आणि दोघींच्या खालून गेली होती. पुढच्या ओळीत एक घर सरकून. त्याच्या पुढे आणखी एक घर सरकून.

"दादा, हे काय केलंत?"

"ड्रिल," दादा म्हणाले. छाती पुढे.

"ड्रिल?"

"आधी साध्या पोतात भरणार होतो तुझ्या चित्राप्रमाणे. मग म्हटलं, छे! साधं पोत म्हणजे चादर. ड्रिलची तिरपी वीण म्हणजे पँट. चादर किती टिकते आणि पँट किती टिकते, तूच सांग. रॅकेटला मार खायचाय, मजबूत माल पाहिजे."

मिलवाले माना डोलवत होते. त्यांना ते शंभर टक्के पटलं होतं. मी किंचाळले, पाय आपटले, रॅकेटची पँट कुणी शिवायला सांगितली होती म्हणून विचारलं. पण तात संपली होती, दुसरं पुडकं दुकानात नव्हतं, आणि मध्ये फक्त शनिवार होता.

शनिवारी पहाटे मी शाळेच्या भिंतीवर चेंडू मारायला गेले. पहिलाच फटका मारला तो भिंतीवरून उसळून शेजारच्या घराच्या ओट्यावर, तिथल्या आजोबांच्या पुढ्यातल्या चहाच्या बशीत. दुसरा गटारात. ताती एकमेकींना नीट धरतच नव्हत्या; चेंडू लागला की बाजूला सरकायच्या आणि झट्कन परत यायच्या. सरळ मारावं तर चेंडू लाडावलेल्या पोरासारखा कुठेही जायचा. मी तिथे मातीत बसून रडले. मग नाक पुसलं आणि म्हटलं, रडून रॅकेट बदलत नाही. चेंडू खालून वर घासून मारून पाहिला. तो भिंतीवर न आदळता आधीच वाकला, जमिनीवर पडला आणि नागासारखा उसळला. मी जागच्या जागी थबकले. पुन्हा मारला. पुन्हा तसाच. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तोच एक फटका घोटला आणि घरी गेले तेव्हा हाताला फोड होते आणि भूक अशी लागली होती की आईने भाकऱ्या मोजणं सोडून दिलं.

रविवारी कोर्टावर ग्वाल्हेरवाली आली, पांढरीशुभ्र, वेणी घट्ट, सोबत साहेबलोक. माझ्या बाजूला मिलचे लोक, चटई घालून, शेंगदाणे घेऊन. पहिले काही गेम मी भराभर हरले. मग घासून मारलेला एक चेंडू बरोबर तिच्या पायापाशी पडला आणि तिच्या कानाशेजारून गेला. तिने हवेत रॅकेट फिरवली. तिने चेंडूकडे बघितलं, मग मातीकडे, खडा आहे का म्हणून. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. आमच्या चटईवरून "अरे वाह! वाह भिया वाह!" सुरू झालं.

बाजू बदलताना ती माझ्यापाशी थांबली. "रॅकेट बघू जरा तुमची?" बघितली आणि पंचांकडे घेऊन गेली. पंच म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून जाळी पाहिली, नियमांचं पुस्तक चाळलं, पुन्हा जाळी पाहिली. "अशी जाळी कशी?" त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत चटईवरून दादा उठले. "साहब, ये ड्रिल है," म्हणाले आणि भर कोर्टावर येऊन त्यांनी पंचांना, ग्वाल्हेरवालीला आणि तिच्या साहेब वडलांना साधं पोत आणि ड्रिल यातला फरक त्यांच्या सोलापुरी हिंदीत समजावून सांगितला. उदाहरणादाखल साहेबांच्या पँटीकडे बोट दाखवलं. "ये देखो, आपने भी वही पहना है." धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. साहेबांनी वाकून स्वतःच्या पँटीकडे पाहिलं.

पंच म्हणाले, चेंडू कसा असावा ते पुस्तकात लिहिलंय, जाळं किती उंच असावं ते लिहिलंय, रॅकेट कशी विणावी याबद्दल एक अक्षर नाही. खेळा.

मी जिंकले. दोन्ही सेट. ग्वाल्हेरवालीने हात मिळवला. मी नाचायला मागे वळले तर माझी माणसं कुठे? ती सगळी दादांना खांद्यावर घेऊन उभी होती. "मास्टरजी की ड्रिल जीत गई! ड्रिल जीत गई!"

मी पण हसले तेव्हा. गंमतच होती. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानावर तेच. "क्या ड्रिल मारी मास्टरजी ने!" मिलमध्ये म्हणे मॅनेजरने दादांना बोलावून पाठ थोपटली. आई खजरान्याच्या गणपतीला माझ्यासाठी बोललेले पेढे घेऊन गेली, तर तिथल्या हारवाल्याने विचारलं, "वो ड्रिलवाले आपके यहां के है क्या?" आणि दादा! दादा जो भेटेल त्याला सांगत होते, साधं पोत आणि ड्रिल, चादर आणि पँट. माझं नाव कुठेच नाही. मी म्हणजे नुसती खुंटी, तिच्यावर त्यांची ड्रिल टांगली होती. शाळेच्या भिंतीपाशी बसून रडले ते कुणी पाहिलं नव्हतं, हातावरचे फोड कुणाला दिसत नव्हते. मला भयंकर वाईट वाटलं. सगळ्यांत वाईट हे, की रात्री अंथरुणावर पडले की मलाही वाटायचं, ते म्हणतात ते खरंच असलं तर? खेळले मी, की ड्रिल?

दोन-तीन दिवसांनी आमच्या दारात टांगा थांबला आणि त्यातून ग्वाल्हेरवाली उतरली. एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात तातीचं पुडकं. अंगणात दादा होते. तिने वाकून नमस्कार केला. "काकासाहेब, माझीही रॅकेट ड्रिलमध्ये विणून द्याल?"

"का नाही, बाळ!" दादा नुसते फुलले. "बस, बस. अगं, पाणी आण!"

मी पाणी आणलं नाही. मी आत गेले आणि भांडी आदळायला लागले. ही हिंमत! आणि दादांना तरी काही? स्वतःच्या पोरीच्या वैरिणीला? आई कांदा चिरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तिच्याही हातात ड्रिल आली, तर मग जिंकेल कोण?"

"कोण म्हणजे?"

"तेच विचारतेय."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग पाण्याचा तांब्या भरला, बाहेर गेले, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "दांडा मी सोडते. दादांना एकट्याने जमत नाही. पण झाल्यावर माझ्याशी एक मॅच खेळायची. पाऊस लागायच्या आत."

तिने माझ्याकडे बघितलं. "त्यासाठीच तर आलेय," ती म्हणाली.

दोन दिवस आम्ही तिघं अंगणात बसलो. ती तात ओवायची, मी म्हातारी निजवायची, दादा ड्रिलची घरं मोजायचे. मग तिला दांडा सोडायचा मोह झाला. तिने सोडला तो धाडकन, तात खोबणीतून निसटली आणि दादांच्या नाकाला चाटून गेली. ती ओशाळली. मी शांतपणे म्हणाले, "छान करता हो तुम्ही. सवय नाही, एवढंच."

क्षणभर तिला कळेना. मग कळलं, आणि ती अशी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगं बये! वर्षभर जपून ठेवलं होतंस हे?" ती म्हणाली. अहो-जाहो तिथेच गळून पडलं. तिला भूक लागली होती. आईने पोहे दिले, तिने मागून मागून खाल्ले आणि वर म्हणाली की ग्वाल्हेरला असे होत नाहीत. हे ऐकून आख्ख्या गल्लीने तिला माफ केलं.

मग तिने आठ दिवस सराव केला आणि मॅचच्या सकाळी कोर्टावर ही गर्दी. फायनललासुद्धा एवढी नव्हती. एका बाजूला सगळी मिल, दुसऱ्या बाजूला सगळं सचिवालय, आणि दोन्हीकडे ड्रिल. तिने ती रॅकेट अशी काही पचवली होती की पहिल्या सेटमध्ये मीच हवेत हात फिरवत होते. चेंडू माझ्या पायाशी पडून खांद्यावरून जायचा. आता कळलं समोरच्याला काय वाटतं ते. पहिला सेट तिचा. मिलवाल्यांनी शेंगदाणे खायचे थांबवले.

दुसऱ्या सेटमध्ये मी चेंडूच्या मागे मागे न जाता आधीच पुढे जाऊन तो उसळायच्या आत मारायला लागले. धावून धावून फेफरं यायची पाळी आली. दुसरा सेट माझा. तिसरा संपता संपेना. एक गेम तिचा, एक माझा, ऊन चढत चाललं, कमीज पाठीला चिकटला. ती दमली होती, मीही दमले होते, पण मला मनातून असं वाटत होतं की हे संपू नये. इतकं सुंदर मी त्याआधी कधी खेळले नव्हते आणि ते माझं मलाच कळत होतं.

शेवटी तिने मला मागे रेटलं आणि जाळीपाशी धावत आली. सगळ्यांना वाटलं, मी घासून मारणार. तिलाही तसंच वाटलं. ती त्या बाजूला झुकली. मी सरळ मारला. साधा, सपाट, रेषेच्या बाजूने. भिंतीवर ज्या फटक्याने चेंडू आजोबांच्या बशीत गेला होता तोच. या वेळी तो जायचा तिथेच गेला आणि रेषेच्या आत पडला.

चटईवर दंगल झाली. सगळे एका आवाजात, "जीत गई! मास्टरजी की ड्रिल जीत गई!" दोघं-तिघं दादांना उचलायला धावले. दादांनी त्यांना ढकललं, शेजारच्या बाकावर चढले आणि मागांच्या खडखडाटात ओरडायची सवय असलेल्या आवाजात ओरडले, "अरे चुप! ड्रिल ड्रिल क्या लगाया है? ड्रिल तो दोनों के हाथ में था. जीती मेरी लडकी!"

जाळीपलीकडे ग्वाल्हेरवाली सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागली. मी मात्र तिथेच, भर कोर्टावर मटकन बसले आणि शेकडो लोकांसमोर भोकाड पसरलं.